इंजिन उतरवलं, आता पिस्टन कोणत्या साइजचे?

दीड-दोन लाख किलोमीटर झालेली गाडी निळसर धूर सोडायला लागते, डिपस्टिकवरची ऑइलची पातळी दर आठवड्याला खाली जाते, घाटात जिथे पूर्वी तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. मग एक दिवस इंजिन उघडावंच लागतं. हेड निघतं, खालचं चेंबर निघतं, पिस्टन कनेक्टिंग रॉडसकट बाहेर येऊन टेबलावर ओळीनं मांडले जातात आणि मेकॅनिक विचारतो, "पन्नासचे पिस्टन मागवू ना?" बहुतेक मालक मान हलवतात. पन्नास म्हणजे काय, पंचवीसचे का नकोत, स्टँडर्डच पुन्हा का चालणार नाहीत, हे विचारायचं राहून जातं.

इंजिनच्या कामात जे निर्णय मागे घेता येत नाहीत त्यांत हा सर्वांत मोठा आहे. बेअरिंग चुकीचं बसलं तर बदलता येतं, गॅस्केट गळलं तर पुन्हा घालता येतं. ब्लॉकच्या भिंतीतून कापून टाकलेलं लोखंड मात्र परत येत नाही. म्हणून हा लेख गाडीच्या मालकांसाठी आहे आणि आयटीआय करून नुकतेच गॅरेजात लागलेल्या मुलांसाठीही आहे. माझं म्हणणं एकच आहे: पिस्टनची साइज सिलिंडरमधली सगळ्यात जास्त झिजलेली जागा ठरवते. त्या जागेचं माप हातात येईपर्यंत पिस्टनची ऑर्डर देऊ नका.

आधी भाषा समजून घेऊ. कंपनीतून आलेलं माप म्हणजे स्टँडर्ड. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापून गोल करतात आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालतात, हा ओव्हरसाइज. 'पंचवीस' म्हणजे व्यास ०.२५ मिलिमीटरनं मोठा, 'पन्नास' म्हणजे ०.५० मिलिमीटरनं. जुन्या इंची गाड्यांत हिशेब इंचाच्या हजाराव्या भागात असतो. अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनचा बोअर २.८७५ इंच, म्हणजे ७३.०२५ मिमी, आणि त्याचे पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस अशा चढत्या मापांत येत. वीस हजारांश इंच म्हणजे ०.५०८ मिमी, त्यामुळे एकाचा 'वीस' आणि दुसऱ्याचा 'पन्नास' जवळजवळ एकच असतो. दुकानात बोलताना मिलिमीटर की इंच हे स्पष्ट विचारा. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांनाही पंचवीस-पन्नास असेच आकडे असतात, पण ते अंडरसाइजचे. क्रँक घासून बारीक झाला की त्याला जाड बेअरिंग लागतं, त्याचा पिस्टनच्या मापाशी काही संबंध नाही. एकाच चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले जातात आणि घोटाळा तिथेच होतो.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ ते २०१४ एवढ्या काळात ही गाडी घरोघरी पोचली, तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ते उघडलेलं नाही असं गॅरेज महाराष्ट्रात सापडणं कठीण. बोअर ६८.५० मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. सुझुकीच्या त्या काळच्या छोट्या इंजिनांना ०.२५ आणि ०.५० अशा दोन वाढीव मापांची सोय असे. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, विचार करण्याची रीत तीच राहील.

उघडण्याआधी

ऑइल खाणारं प्रत्येक इंजिन बोअरिंग मागत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना भसकन निळा धूर येतो आणि मग थांबतो, तेव्हा दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलांत असतो. ते काम हेडपुरतं आहे, पिस्टनला हात लावायचं कारण नाही. रेस दिल्यावर, चढावर, सतत धूर येतो आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून वाफेसारखा दाब जाणवतो, तेव्हा रिंगा आणि बोअर यांच्यावर संशय घ्यावा. पेट्रोल इंजिनमध्ये कॉम्प्रेशन गेज लावून माप घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा ठळकपणे वाढला तर गळती रिंगांकडून आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहा. डिझेलला ऑइल सोडण्याची ही युक्ती करू नका. तिथे पिस्टन आणि हेड यांच्यात जागाच इतकी कमी असते की जास्त पडलेलं ऑइल दाबलं न जाता रॉड वाकवू शकतं. टर्बो असलेल्या डिझेलमध्ये टर्बोचं सील गेलं तरीही असाच निळा धूर येतो, तेही आधी बघून घ्यावं.

हे सांगण्याचं कारण असं की अनेक चांगले ब्लॉक केवळ "एवढं उघडलंच आहे तर बोअर करून घेऊ" या एका वाक्यापायी कापले जातात.

माप कुठे घ्यायचं

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, आणि साइज निवडताना हीच गोष्ट कळीची ठरते. पिस्टन सगळ्यात वर पोचून परत फिरतो तिथे पहिली रिंग क्षणभर थांबते. तिथे उष्णता सर्वांत जास्त, ऑइलचा थर सर्वांत पातळ, आणि जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटत असतो. त्यामुळे सर्वाधिक झीज तिथे होते. त्याच्या वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातू तसाच राहतो आणि बोटाला लागेल असा काठ तयार होतो. खाली जाल तशी झीज कमी होत जाते आणि तळाशी, रिंगांच्या पल्ल्याबाहेर, बोअर बहुधा कंपनीतून आला तसाच असतो. म्हणजे सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो.

दुसरी गोष्ट दिशेची. पॉवर स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन खाली जाताना एका बाजूच्या भिंतीवर जोरानं दाबला जातो. ही बाजू क्रँकच्या लांबीला आडवी असते. झीज तिथे जास्त होते आणि बोअर लंबगोल होतो.

म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये तीन उंचींवर मापं घ्यायची: वरच्या काठाच्या जरा खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, एक क्रँकच्या लांबीला समांतर आणि एक आडवं. एका सिलिंडरची सहा, तीन सिलिंडरांची अठरा. यासाठी बोअर डायल गेज लागतो, तो मायक्रोमीटरवर जुळवून घेतलेला हवा. व्हर्नियर कॅलिपरनं हे काम होत नाही. इथे ज्या फरकांवर निर्णय घ्यायचा असतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले असतात, आणि कॅलिपर सिलिंडरच्या आत इतक्या खोलवर नीट बसतही नाही. अठराही मापं कागदावर लिहून मागा. चांगला बोअरिंगवाला ती आनंदानं देतो. "बघून सांगतो, पन्नास लागेल" एवढ्यावर थांबणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गेज जवळ नसेल तरी अंदाज घेण्याचा एक चांगला उपाय आहे. एक कॉम्प्रेशन रिंग पिस्टनवरून काढून नुसती सिलिंडरमध्ये तळाशी सरकवा. उलट्या पिस्टननं दाबली की ती आडवी सरळ बसते. तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. मग तीच रिंग वर, जास्त झिजलेल्या पट्ट्यात आणून पुन्हा मोजा. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, म्हणून दोन फटींच्या फरकाला ३.१४ नं भागलं की व्यासातला फरक निघतो. खाली ०.३० आणि वर ०.७२ आली तर फरक ०.४२, आणि बोअर वर सुमारे ०.१३ मिमीनं मोठा झालेला आहे. लंबगोलपणा यात कळत नाही, तरी ब्लॉक मशिन शॉपला न्यायचा की नाही हे ठरवायला हे पुरेसं आहे.

याच हिशेबातून झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा का टिकत नाहीत हेही समजतं. बोअर वर ०.१० मिमी मोठा असेल तर रिंगेची फट प्रत्येक फेरीत ०.३१ मिमीनं उघडते आणि मिटते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर ती खाचेत सतत आत-बाहेर होत राहते, खाच रुंद होते, आणि वर्षभरात धूर परत येतो. सुझुकीच्या त्या काळच्या इंजिनांसाठी निमुळतेपणा आणि लंबगोलपणा या दोहोंची मर्यादा ०.१० मिमी दिलेली असे. मापं त्याच्या आत असतील, पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मॅन्युअलच्या हद्दीत असेल, भिंतीवर खोल चरे नसतील, तर बोअरिंग करू नका. वरचा काठ काढून, हलकं होनिंग करून, नव्या रिंगा घालून ते इंजिन अजून बरंच चालेल. पिस्टनच्या रिंगांच्या खाचा मात्र फीलर गेजनं तपासा. वरची खाच सैल झाली असेल तर त्याच मापाचे नवे पिस्टन घ्या.

स्टँडर्ड पिस्टनमध्येही दर्जे असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. कारखान्यात बोअर मोजून ब्लॉकवर खूण केलेली असते आणि तिच्याशी जुळणारा पिस्टन निवडलेला असतो. सुझुकीत १ आणि २, टोयोटात १, २, ३, होंडात ए आणि बी अशा खुणा आढळतात. दोन दर्जांतला फरक शतांश मिलिमीटरच्या आसपास असतो, पण एकूण फटच दोन-चार शतांश असते तेव्हा तोही मोजावा लागतो.

पंचवीस की पन्नास

समजा मारुतीच्या दुसऱ्या सिलिंडरचं वरचं आडवं माप ६८.६२ आलं. तळाचं ६८.५०. झीज ०.१२, मर्यादेच्या बाहेर. मनात पहिला विचार येतो की ०.२५ चा पिस्टन पुरेल, कारण ६८.७५ हे ६८.६२ पेक्षा मोठं आहे. इथेच फसगत होते.

झीज एका बाजूची असते हे वर पाहिलं. ती सगळी ०.१२ एकाच भिंतीवर झाली असेल, तर मूळ केंद्रापासून ती भिंत ३४.२५ अधिक ०.१२, म्हणजे ३४.३७ मिमीवर गेली आहे. ६८.७५ च्या नव्या बोअरची त्रिज्या ३४.३७५. दोन्हींत फरक ०.००५ मिमी. शिवाय बोअरिंगच्या हत्यारानं अंतिम मापापर्यंत कापायचं नसतं. होनिंगसाठी व्यासावर ०.०५ ते ०.०८ मिमी शिल्लक ठेवायची असते. त्यामुळे हत्यार त्या झिजलेल्या भिंतीला शिवणारच नाही. बोअर झाल्यावर तिथे एक जुना चकचकीत पट्टा राहील, होनिंगही तो पुरता उचलणार नाही, आणि रिंग त्या पट्ट्यावर कधीच नीट बसणार नाही.

म्हणून माझा हिशेब असा: सर्वांत वाईट जागेची झीज दुप्पट करा, त्यात होनिंगसाठी ०.०६ मिळवा, आणि जी ओव्हरसाइज या बेरजेच्या वर असेल त्यांतली सर्वांत लहान घ्या. इथे ०.२४ अधिक ०.०६, म्हणजे ०.३०. पंचवीस बाद, पन्नास घ्यावं लागेल. झीज ०.०८ असती तर बेरीज ०.२२ आली असती आणि पंचवीसमध्ये काम निभावलं असतं, पण ०.०८ झीज असलेला सिलिंडर बहुधा मर्यादेतच असतो. बरंच चाललेल्या इंजिनाला पंचवीसचा पिस्टन क्वचितच उपयोगी पडतो, त्याचं कारण हे आहे. मर्यादा ओलांडेपर्यंत झीज इतकी झालेली असते की पंचवीसमध्ये बोअर साफ होत नाही. पंचवीस कामाला येतो तो उथळ चऱ्यांसाठी, गंजाच्या डागांसाठी, किंवा झीज दोन्ही बाजूंना सारखी वाटली गेली असेल तेव्हा.

काही कारागीर हत्यार झिजलेल्या वरच्या भागावर केंद्रित करतात, म्हणजे कमी कापून बोअर साफ होतो. यात सिलिंडरचं केंद्र सहा-सात शतांश मिलिमीटरनं सरकतं. तेवढं सरकणं अनेक इंजिनं सहन करतात, तरी मी ते करू देणार नाही. खरं भय तिरकेपणाचं आहे. बोअरिंग बार ज्या पृष्ठभागावर बसतो त्यावर जुन्या गॅस्केटचा तुकडा किंवा बुरशीएवढा गंज राहिला, तर सिलिंडर क्रँकला काटकोनात राहत नाही. मग रॉड, पिन, पिस्टन सगळे तिरके चालतात आणि नव्या पिस्टनवर एका बाजूला खरचटल्याची खूण काही हजार किलोमीटरांत दिसते. हत्यार तळाच्या न झिजलेल्या भागावर केंद्रित करा आणि त्याआधी वरचा पृष्ठभाग घासून साफ करा, असं स्पष्ट सांगा. मेन बेअरिंगच्या कॅप नेमक्या टॉर्कवर आवळलेल्या असाव्यात, कारण त्या आवळल्यावर ब्लॉकचा आकार किंचित बदलतो.

एकच सिलिंडर खराब असेल तर तिन्ही कापायचे का? हो, सगळे एकाच साइजचे ठेवा. मोठ्या पिस्टनचं वजन बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि तीन सिलिंडरांच्या इंजिनात वजनाचा फरक थरथरीच्या रूपानं स्टिअरिंगपर्यंत येतो. संच हाती आला की साध्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर पिस्टन, पिन आणि रिंगा एकत्र तोलून पाहा. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांच्यात दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असला तर संच बदलून मागा.

मोठ्या पिस्टननं गाडीची ताकद वाढते, असं पुष्कळ जण सांगतात. हिशेब करून पाहा. ६८.५० चा बोअर ६९.०० झाला की क्षमता ७९६ वरून सुमारे ८०८ सीसी होते, दीड टक्क्याची वाढ. कॉम्प्रेशन रेशो ९ असेल तर जेमतेम ९.१ होतो. काम झाल्यावर गाडी उडते असं वाटतं ते हरवलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे. ताकदीच्या आशेनं एक साइज पुढे जाऊ नका. जी साइज आज वाचते ती पुढच्या उघडणीला उपयोगी पडते.

आधी पिस्टन, मग बोअरिंग

हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. ब्लॉक सकाळी बोअरिंगला टाकतात, "पन्नासचा कर" असा निरोप देतात आणि पिस्टन संध्याकाळी आणतात. बोअर ६९.०० होतो, पिस्टन डब्यावर ०.५० लिहिलेला असतो, पण प्रत्यक्षात तो ६८.९५ चा की ६८.९७ चा हे कोणी पाहत नाही. दोन शतांशाच्या या फरकात गाडी पहिल्याच उन्हाळ्यात जॅम व्हायची की थंडीत टकटक करायची हे ठरतं.

योग्य रीत अशी: पिस्टन आधी आणा. प्रत्येक मायक्रोमीटरनं मोजा. पिस्टन पूर्ण गोल नसतो हे लक्षात ठेवा. पिनच्या दिशेला तो मुद्दाम अरुंद असतो, आणि डोक्याकडे खालच्यापेक्षा लहान असतो, कारण गरम झाल्यावर डोकं जास्त फुलतं. म्हणून माप पिनला काटकोनात, स्कर्टवर, कंपनीनं सांगितलेल्या उंचीवरच घ्यायचं. मग त्या पिस्टनवर क्रमांक घाला आणि त्याच्या मापात फट मिळवून त्याचाच बोअर कापायला सांगा. एक पिस्टन ६८.९६५ आणि फट ०.०३५ असेल तर बोअर ६९.०००, दुसरा ६८.९७० असेल तर त्याचा बोअर ६९.००५. पाण्यानं थंड होणाऱ्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत ही फट ०.०२ ते ०.०५ च्या दरम्यान असते, डिझेलमध्ये बहुधा जास्त. आपल्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधून किंवा पिस्टनच्या डब्यातल्या चिठ्ठीवरून घ्या. दोन्हींत फरक असेल तर पिस्टन बनवणाऱ्याचा आकडा पाळा, कारण त्याचा मिश्रधातू तोच जाणतो.

मापं ज्या तापमानाला घेता तेही पाहा. मापांचं प्रमाण तापमान २० अंश असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात अकोला-नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश सहज असतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकच्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. ६९ मिमीचा बोअर वीस अंशांत सुमारे ०.०१५ मिमीनं वाढतो, पिस्टन ०.०२७ नं. ब्लॉक उन्हात तापलेला किंवा होनिंगनं गरम झालेला आणि पिस्टन नुकताच थंड दुकानातून आणलेला असेल तर बोअर आहे त्यापेक्षा दीड शतांश मोठा दिसतो. कारागीर हात थांबवतो, आणि रात्री ब्लॉक गार झाला की ०.०३५ ची फट ०.०२० उरते. उपाय सोपा आहे: ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिन्ही एका खोलीत रात्रभर ठेवा आणि शेवटचं माप सकाळी घ्या.

संच घेताना डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पिस्टनच्या डोक्यावर साइजचा आकडा आणि पुढची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते. रिंगांवर वरची बाजू दाखवणारी अक्षरं असतात. पन्नासच्या पिस्टनबरोबर पन्नासच्याच रिंगा हव्यात. चुकून स्टँडर्ड रिंग ०.५० मोठ्या बोअरमध्ये गेली तर तिची फट दीड मिलिमीटरहून जास्त वाढते. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून फट मोजा. मॅन्युअल हाताशी नसेल तर पहिल्या रिंगेसाठी १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ असं प्रमाण धरतात, म्हणजे आपल्या ६९ मिमीला ०.२१ ते ०.२८. कमी असेल तर बारीक कानशीनं घासता येते. फट फारच कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

कापता न येणारे ब्लॉक

बिडाचा साधा ब्लॉक असेल तर वरचं सगळं लागू. काही इंजिनांना मात्र ते नाही. अनेक नव्या गाड्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात आणि आत बिडाचं पातळ अस्तर असतं; काहींना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही. काही महागड्या परदेशी इंजिनांत अस्तरही नसतं, भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो आणि साध्या बोअरिंगनं तो नष्ट होतो. इंजिन क्रमांक घेऊन स्पेअर पार्टच्या काउंटरवर एवढंच विचारा: या इंजिनला कंपनीनं कोणत्या साइज दिल्या आहेत? उत्तर 'फक्त स्टँडर्ड' असेल तर बाजारात कोणाचे तरी ०.५० मिळतात म्हणून ब्लॉक कापू नका. ट्रॅक्टर आणि अनेक ट्रकांत लायनर बदलता येतो, तिथे लायनर-पिस्टनचा पूर्ण संचच येतो आणि हा प्रश्न उद्भवत नाही.

शेवटची साइज वापरून झाली की स्लीव्ह बसवता येते. सिलिंडर सुमारे चार मिलिमीटर मोठा कापून त्यात बिडाची नळी दाबून बसवतात आणि ती पुन्हा स्टँडर्डला बोअर करतात. चांगल्या हातानं बसवलेली स्लीव्ह अगदी टिकाऊ असते. एकाच सिलिंडरला सर्कलिप निसटून खोल चर पडला असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर तिघांना शेवटच्या साइजपर्यंत नेण्यापेक्षा त्या एकालाच स्लीव्ह घालून बाकीच्यांच्या मापाला आणणं शहाणपणाचं. स्लीव्हला तळाशी टेकायला पायरी ठेवली आहे का, तेवढं विचारा.

बोअर वाढवण्याआधी भिंतीची जाडीही पाहावी लागते. ज्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरवेलचं जड पाणी भरलं गेलं, त्यांच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा बाहेरून गंजत आलेल्या असतात. आतून झीज, बाहेरून गंज, आणि त्यात आपण अर्धा मिलिमीटर कापणार. कोअर प्लग काढून आत टॉर्च मारा. पापुद्रे निघत असतील तर अल्ट्रासॉनिक गेजनं जाडी मोजून घ्या. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथल्या औद्योगिक वसाहतींत हे काम करून मिळतं.

डिझेलमध्ये एक माप आणखी आहे. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती बाहेर येतो ते डायल गेजनं मोजून त्याप्रमाणे हेड गॅस्केटची जाडी निवडायची असते. गॅस्केटच्या कडेवरची भोकं किंवा खाचा ती जाडी सांगतात. पिस्टन बदलले, ब्लॉकचं फेसिंग झालं, की हे माप पुन्हा घ्यायलाच हवं. जुन्या गॅस्केटवर जितकी भोकं होती तितकीच असलेलं नवं आणणं पुरत नाही.

बोअर होऊन आल्यावर

भिंतीवर होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत, साधारण ४५ ते ६० अंशांत छेदणाऱ्या. कुठेही गुळगुळीत पट्टा दिसला तर ब्लॉक स्वीकारू नका. साइज चुकली आहे किंवा हत्यार सरकलं आहे. मग बोअर धुवा, आणि धुवा म्हणजे गरम पाणी, साबण आणि ब्रशनं. रॉकेल किंवा पेट्रोलनं पुसल्यावर होनिंगच्या दगडाचे कण रेघांत तसेच राहतात आणि नव्या रिंगा पहिल्या शंभर किलोमीटरांत घासून टाकतात. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून फिरवा. ते करडं येतंय तोवर धुणं संपलेलं नाही. स्वच्छ झाल्यावर लगेच ऑइल लावा, पावसाळ्यात तासाभरात गंज चढतो.

जोडण्याआधी झीज का झाली हे शोधा. उसाच्या वाहतुकीच्या किंवा खडीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत कारण बहुतेकदा धूळ असते. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप एखाद्या चिरेतून धूळ ओढतो आणि ती थेट वरच्या रिंगेवर जाते. पाइपाच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर तो पाइप आणि त्याच्या क्लिपा नव्या घाला, नाहीतर पन्नासचे पिस्टन स्टँडर्डच्या अर्ध्या आयुष्यात जातील. थर्मोस्टॅट काढून टाकलेलं इंजिन कायम थंड चालतं, त्यातही बोअर झिजतो. नवा थर्मोस्टॅट बसवा.

सुरुवातीच्या हजार किलोमीटरांत गाडी तासन् तास उभ्यानं चालू ठेवू नका आणि एकाच वेगावरही पळवू नका. मध्यम भार देत, वेग कमी-जास्त करत चालवली तर रिंगा भिंतीला लवकर बसतात. पाचशे ते हजार किलोमीटरांच्या दरम्यान ऑइल आणि फिल्टर बदला.

अठरा मापांचा तो कागद, प्रत्येक पिस्टनचं मोजलेलं माप, बोअरचं अंतिम माप आणि क्रँक बेअरिंगची साइज, सगळं गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. ब्लॉकवर दिसेल अशा सपाट जागी ०.५० हा आकडा पंचनं ठोकून घ्या. पाच-सात वर्षांनी ती गाडी दुसऱ्याच्या हाती असेल, दुसऱ्या गावच्या गॅरेजात उघडली जाईल, आणि तिथल्या मेकॅनिकला हेड काढायच्या आधीच कळेल की या ब्लॉकमध्ये आता कापायला किती उरलं आहे.